दवाखाना गेला तेव्हा गाव पेटून उठलं, बस गेली तेव्हा नाही

३१ मे २०१७ रोजी कॅनडातल्या सास्काचेवान प्रांताच्या सरकारी बस शेवटच्या फेरीला निघाल्या. पार्सलं घेणं त्याआधीच, १९ मेला, थांबलं होतं. सत्तर वर्षं चाललेली सास्काचेवान ट्रान्सपोर्टेशन कंपनी, तिने जोडलेली २५३ गावं-शहरं आणि तिचे २२४ कर्मचारी. अर्थसंकल्पात घोषणा झाली २२ मार्चला. जेमतेम दहा आठवड्यांत सगळा बाडबिस्तरा गुंडाळला गेला.

हे करणारा सास्काचेवान पार्टी हा सत्ताधारी पक्ष खेड्यापाड्यांतल्या मतांवर उभा राहिलेला आहे. त्यानंतरच्या दोन्ही निवडणुकांत, २०२० आणि २०२४ मध्ये, प्रांताच्या ग्रामीण दक्षिणेने पुन्हा त्यालाच निवडून दिलं. याच प्रांतात बस बंद होण्याच्या चोवीस वर्षं आधी, १९९३ मध्ये, दुसऱ्या एका पक्षाने गावांतले छोटे दवाखाने बंद केले होते. तो पक्ष ग्रामीण भागातून असा उखडला गेला की आजतागायत तिथे त्याचं मूळ धरलेलं नाही.

अंतरं तीच, थंडी तीच, बहुतेक माणसंही तीच. मग एका निर्णयाची शिक्षा पिढ्यान्‌पिढ्या आणि दुसरा जवळजवळ माफ, असं का झालं? छोट्या गावांचं राजकारण कसं चालतं, हे समजून घ्यायला मला यापेक्षा चांगलं प्रकरण माहीत नाही.

गवताळ प्रदेशातला चौकटींचा प्रांत

सास्काचेवानचं क्षेत्रफळ सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त. लोकसंख्या मात्र २०१६ च्या जनगणनेत १० लाख ९८ हजार, आपल्या सोलापूर शहरापेक्षा थोडीशी अधिक. त्यातली जवळपास निम्मी माणसं सास्काटून आणि रिजायना या दोन शहरांत आणि त्यांच्या आसपास राहतात. उरलेली निम्मी इतक्या मोठ्या भूमीवर पसरलेली.

हा विस्तार आपोआप झालेला नाही. ही भूमी क्री, सोल्टो, डाकोटा, डेने आणि मेटी लोकांची. १८७० च्या दशकात सरकारने करार क्रमांक ४ आणि ६ करून इथल्या आदिवासी समाजांना राखीव क्षेत्रांत ढकललं, उरलेल्या जमिनीवर मैलामैलाच्या चौकटी आखल्या आणि १६० एकरांचा तुकडा दहा डॉलर नोंदणी शुल्कात वसाहतकऱ्यांना देऊ केला. रेल्वेने दर दहा-पंधरा किलोमीटरवर एक स्टेशन टाकलं, कारण घोडागाडीतून धान्य नेऊन शेतकऱ्याला दिवसभरात घरी परतता आलं पाहिजे. प्रत्येक स्टेशनापाशी धान्याचं उंच लाकडी कोठार उभं राहिलं आणि त्याभोवती एक गाव: पोस्ट, शाळा, चर्च, सहकारी दुकान, हॉकीचं मैदान.

घोडागाडीच्या हिशोबाने वसवलेली ही गावं ट्रॅक्टर आणि मोटारी आल्यावर जास्त झाली. १९३६ मध्ये प्रांतात १ लाख ४२ हजार शेतं होती. २०१६ मध्ये उरली ३४ हजार ५००, सरासरी १,७८४ एकरांची. जमीन पिकतच राहिली, पण ती पिकवणारी घरं कमी झाली. १९९५ मध्ये केंद्र सरकारने धान्याच्या रेल्वेवाहतुकीचं जुनं अनुदान काढून घेतलं आणि आडवाटेचे लोहमार्ग, त्यांच्या काठची कोठारं झपाट्याने नाहीशी झाली. तरीही प्रांतात आज सातशेहून अधिक स्थानिक स्वराज्य संस्था आहेत. काही गावांत शंभर माणसंही नाहीत, पण पालिका आहे, महापौर आहे.

त्यामुळे इथल्या गावकऱ्याला एखादी सोय बंद होण्याची बातमी सुटी बातमी वाटत नाही. कोठार गेलं, रूळ उखडले, शाळा दुसऱ्या गावात गेली, आता हे. ज्या गावाने एवढं पाहिलंय, ते प्रत्येक नव्या बातमीत आपल्या शेवटाची चाहूल ऐकतं.

बस कुठून आली

१९४४ मध्ये टॉमी डग्लस यांचा सीसीएफ हा पक्ष सत्तेवर आला. डग्लस बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते आणि वेबर्न या छोट्या शहरात त्यांनी दुष्काळ आणि महामंदी जवळून पाहिली होती. उत्तर अमेरिकेतलं हे पहिलं समाजवादी म्हणवणारं सरकार. त्याने विमा, वीज, टेलिफोन अशा सरकारी कंपन्यांची फळी उभारली. तिथे त्यांना सगळे ‘क्राऊन’ म्हणतात. १९४६ मध्ये त्यांत बसची भर पडली.

आपल्याकडे १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. दोन वर्षांच्या अंतराने, एकमेकांचा गंधही नसताना, दोन सरकारांनी तोच विचार केला: नफ्याच्या मार्गांवरचा पैसा तोट्याच्या मार्गांना पुरवायचा म्हणजे आडगावाला गाडी मिळते. खासगी गाडीवाला नफ्याचे दोन मार्ग उचलेल आणि उरलेले सोडून देईल, हे दोन्हीकडे माहीत होतं.

या बसचा थांबा म्हणजे बहुधा गावातला पेट्रोल पंप, खानावळ किंवा एखादं दुकान. तोच मालक कमिशनवर तिकिटं द्यायचा, पार्सलं घ्यायचा. वर माणसं बसायची आणि खालच्या पोटात गावाचा सगळा व्यवहार जायचा. प्रयोगशाळेत तपासायचे रक्ताचे नमुने, औषधं, फुलं, काही ग्रंथालयांची पुस्तकं, आणि सुगीच्या दिवसांत कापणीयंत्राचे सुटे भाग. तिथली सुगी ऑगस्ट-सप्टेंबरमधली. एक बेअरिंग तुटलं आणि दोन दिवस उशिरा आलं तर पाऊस नाहीतर हिमकण गाठतो. सास्काटूनच्या दुकानदाराने दुपारी बसमध्ये टाकलेला भाग संध्याकाळी गावात पोचायचा.

याचा अर्थ बसच्या हिशोबात प्रवासी हा एकच आकडा धरला तर बस समजतच नाही. हे पुढे फार महाग पडलं.

१९९३: बावन्न दवाखाने

ऑक्टोबर १९९१ मध्ये सीसीएफचा वारस असलेला एनडीपी हा पक्ष रॉय रोमानो यांच्या नेतृत्वाखाली ६६ पैकी ५५ जागा जिंकून आला. तिजोरी रिकामी होती. आधीच्या सरकारच्या काळात कर्जाचा डोंगर झाला होता आणि प्रांताच्या रोख्यांना गिऱ्हाईक मिळेना. १९९३ मध्ये सरकारने ५२ छोट्या ग्रामीण रुग्णालयांतली रुग्ण दाखल करून उपचार करण्यासाठीची रक्कम बंद केली. त्यांतली बहुतेक ‘आरोग्य केंद्रं’ झाली: नर्स आहे, तपासणी आहे, पण खाट नाही. चारशेहून जास्त छोटी मंडळं मोडून तीस जिल्हा आरोग्य मंडळं आली.

गावांना हे का झोंबलं, हे कळायला मागे जावं लागतं. इथल्या गावांना डॉक्टर आणि दवाखाना कुणी वरून दिलेला नव्हता. सार्निया नावाच्या एका ग्रामीण पालिकेने १९१५ च्या सुमारास आपल्या कराच्या पैशातून डॉक्टरला वार्षिक मानधन देऊन ठेवून घेतलं. १९१६ च्या कायद्याने शेजारच्या पालिकांना एकत्र येऊन रुग्णालय बांधायची मुभा दिली. आजोबांनी कर भरला, आजीने केक विकून पडद्यांचे पैसे जमवले, वडील संचालक मंडळावर बसले. ती इमारत गावाची होती. शिवाय तिथल्या नर्सचा पगार हा कित्येक शेतकरी घरांचा पडत्या भावाच्या वर्षातला आधार होता.

त्यामुळे गाव पेटून उठलं, सभा झाल्या, मोर्चे निघाले. त्याच सुमारास सरकारने शेतीच्या उत्पन्नविम्याचे करार बदलून शेतकऱ्यांना आधीच दुखावलं होतं, आणि १९९८ मध्ये रिजायनातलं प्लेन्स रुग्णालयही बंद झालं, जिथे दक्षिणेकडचे शेतकरी वर्षानुवर्षं जात होते. या तिन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या. १९९५ मध्ये एनडीपी ५८ पैकी ४२ जागांवर कसाबसा तगला असं म्हणता येणार नाही, बहुमत भक्कमच होतं. पण १९९९ मध्ये तो २९ वर आला, बरोबर निम्म्यावर. दोनच वर्षांपूर्वी जन्मलेल्या सास्काचेवान पार्टीला त्याच्यापेक्षा किंचित जास्त मतं मिळाली आणि ग्रामीण भाग जवळपास सगळा तिच्याकडे गेला.

यातली एक गोष्ट कमी सांगितली जाते. १९९९ मध्येच प्रांताच्या आरोग्यसेवा संशोधन आयोगाने त्या बावन्न ठिकाणांचा अभ्यास केला. भीती होती तसा लोकांच्या आरोग्यावर वाईट परिणाम दिसला नाही. मृत्यूदर इतर ठिकाणांसारखाच कमी होत होता. गंभीर आजारात लोक आधीपासूनच मोठ्या रुग्णालयात जात होते.

माझ्या मते हा निष्कर्ष बरोबर आहे, आणि त्यात एक गृहीतक दडलेलं आहे. रुग्णाला मोठ्या रुग्णालयापर्यंत जाता येतं, हे ते गृहीतक. प्रांतात कर्करोगाची केंद्रं दोनच, एक सास्काटूनला, एक रिजायनाला. ला राँजहून सास्काटून ३८० किलोमीटर. मेडो लेकहून सुमारे तीनशे. स्विफ्ट करंटहून रिजायना अडीचशेच्या आसपास. १९९३ मध्ये उपचार दूर नेताना सरकारला कुठेतरी दिलासा होता की रस्त्यावर सरकारी बस आहे.

२०१७: सतरा दशलक्ष डॉलर

२०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले आणि त्यावर पोसलेली सास्काचेवानची तेजी ओसरली. २०१६-१७ ची तूट सव्वा अब्ज डॉलरच्या आसपास गेली. मार्च २०१७ च्या अर्थसंकल्पात विक्रीकर पाचवरून सहा टक्के झाला, अनेक अनुदानं कापली गेली आणि बस कंपनी गुंडाळायचं ठरलं.

सरकारचं म्हणणं पोकळ नव्हतं. २७ मार्गांपैकी फक्त दोन नफ्यात होते. २०१२ पासून प्रवासी ३५ टक्क्यांनी घटले होते. पुढच्या पाच वर्षांत ८५ दशलक्ष डॉलर ओतावे लागतील असा अंदाज होता. काही मार्गांवर पन्नास आसनांच्या गाडीत चार माणसं बसत असत, हे बसच्या बाजूने बोलणारेही नाकारत नाहीत.

पण हे आकडे जरा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. वर्षाला सतरा दशलक्ष डॉलर, आणि प्रांताचा वर्षाचा खर्च चौदा अब्जांहून अधिक. दर हजार डॉलरमागे सव्वा डॉलरही नाही. आणि बस बंद केल्याने तो खर्च नाहीसा झालाच नाही. रक्ताचे नमुने कुरिअरने जायला लागले, त्याचं बिल आरोग्य खात्याकडे गेलं. रुग्णाला टॅक्सी करावी लागली, ते बिल कुटुंबाकडे किंवा दुसऱ्या कुठल्या योजनेकडे. शेतकऱ्याने सुट्या भागासाठी स्वतः चारशे किलोमीटर गाडी हाकली, तो दिवस कुणाच्याच वहीत लिहिला गेला नाही. ज्या ताळेबंदात फक्त बस कंपनीचाच तोटा दिसतो, त्यात बचत दिसणारच.

कायद्याचा अडसरही होता. २००३ ची निवडणूक ‘क्राऊन’ विकले जातील या भीतीवरच एनडीपीने जिंकली होती, आणि २००४ मध्ये एक कायदा केला होता: यादीतली सरकारी कंपनी खासगी हातांत द्यायची तर विधेयक आणायचं, त्याची छाननी व्हायची आणि सार्वत्रिक निवडणूक होऊन ९० दिवस गेल्यावरच ते अमलात यायचं. मतदाराला मध्ये बोलायची संधी देणारा हा कायदा मला फार शहाणपणाचा वाटतो. बस कंपनी त्या यादीत होती. पण सरकारने ती विकली नाही, गुंडाळली. २०१६-१७ मध्येच ‘खासगीकरण’ या शब्दाची व्याख्या बदलणारं ४० क्रमांकाचं विधेयक आणलं गेलं होतं, आणि गुंडाळणं त्या व्याख्येत बसत नव्हतं. कामगार संघटनेने न्यायालयात दाद मागितली, पण त्याने बस थांबायची राहिली नाही. लोकांच्या मालकीची गोष्ट विकायला मतदाराची परवानगी लागते, मोडून टाकायला लागत नाही, असा त्याचा अर्थ झाला. एप्रिल २०१६ च्या प्रचारात, ज्यात या पक्षाने ६१ पैकी ५१ जागा जिंकल्या, बस बंद करण्याचा शब्दही मतदारांसमोर आला नव्हता.

ग्रंथालयं वाचली ती कशी

त्याच अर्थसंकल्पात ग्रंथालयांचं ४८ लाख डॉलरचं अनुदान कापलं होतं. प्रादेशिक ग्रंथालयांना निम्म्याहून अधिक कात्री लागली, दोन मोठ्या शहरांच्या ग्रंथालयांची सरकारी मदत तर पूर्णच गेली. एप्रिलमध्ये एका ठरलेल्या दिवशी प्रांतभर लोक आपल्या आमदाराच्या कार्यालयाबाहेर पुस्तक घेऊन बसले आणि वाचत राहिले. लहान मुलं, निवृत्त शिक्षिका, शेतकरी बायका. २४ एप्रिलला सरकारने कपात मागे घेतली.

बसचं मात्र काही मागे घेतलं गेलं नाही. हा फरक रकमेचा आहे हे खरंच, अठ्ठेचाळीस लाख आणि एक कोटी सत्तर लाख यांत अंतर आहे. तरी मला त्याहून मोठं कारण दुसरं वाटतं. ग्रंथालयात जाणारी माणसं आमदाराच्या कार्यालयापर्यंत पोचू शकत होती. त्यांच्याकडे गाडी होती. त्यांची नावं आमदाराला माहीत होती, त्यातली काही तर त्याच्याच पक्षाची कार्यकर्ती होती. बसमध्ये बसणाऱ्यांचं काय? डोळ्यांनी अधू झाल्यावर ज्यांचा वाहनपरवाना गेला असे म्हातारे. अपंग. शिकणारी मुलं. मजूर. परदेशातून नव्याने आलेली, अजून परवाना न मिळालेली कुटुंबं. केमोथेरपीच्या फेऱ्या मारणारे, ज्यांना परतताना गाडी चालवता येत नाही. आणि प्रांतात दर सहा माणसांमागे एक आदिवासी आहे, त्यांतली राखीव क्षेत्रांतून शहराकडे जाणारी बरीच माणसं.

ही माणसं एका गावात चार, दुसऱ्यात सहा. २५३ ठिकाणी विखुरलेली. बावन्न दवाखान्यांचा घाव बावन्न गावांवर खोल बसला होता, बसचा घाव अडीचशे गावांवर ओरखड्यासारखा उमटला. ज्याच्या अंगणात पिकअप ट्रक उभा आहे त्याला तो ओरखडा दिसलाही नाही. शिवाय उत्तरेकडचे मतदारसंघ आधीपासून एनडीपीकडेच झुकलेले होते. तिथे राग आला तरी सत्ताधाऱ्यांची जागा जाणार नव्हती.

‘शेजारी नेतील की’

बसच्या बाजूने बोलणाऱ्यांना सगळ्यात जास्त ऐकावं लागलेलं उत्तर म्हणजे, गावात माणुसकी आहे, शेजारी नेतील. सास्काचेवानच्या गावांत ती आहेच. हिमवादळात रस्त्याकडेला अडकलेल्या अनोळखी माणसाला घरी नेऊन झोपवणारी ही गावं आहेत. पण त्या उत्तरावर थोडं थांबायला हवं, कारण मला या सगळ्या प्रकरणाची गाठ तिथेच दिसते.

तिकीट काढून बसमध्ये बसलेली बाई कुणाचीही मिंधी नसते. आठवड्यातून एकदा, सहा आठवडे, उपचाराला जायचं आहे. पहिल्या आठवड्याला शेजारी आनंदाने नेतो. तिसऱ्या आठवड्याला पेरणी सुरू झालेली असते. चौथ्याला ती म्हातारी स्वतःच म्हणते, या वेळी राहू दे, पुढच्या वेळी बघू. आपल्याकडे २०२१-२२ मध्ये एसटीचा संप लांबला तेव्हा वाड्यावस्त्यांवरच्या मुलींची शाळा कशी सुटली, हे ज्यांनी पाहिलं त्यांना हे वेगळं सांगायला नको. सोय जाते तेव्हा माणूस प्रवासाचा दुसरा मार्ग शोधतो असं आपण समजतो. पुष्कळदा तो प्रवासच सोडून देतो.

दुसरी परिस्थिती याहून कठीण. कॅनडाच्या प्रांतांमध्ये घरगुती हिंसाचाराचं प्रमाण सास्काचेवानमध्ये सर्वाधिक नोंदलं जातं. ऐंशी उंबऱ्यांच्या गावात नवऱ्याच्या मारापासून पळणाऱ्या बाईने आसरागृहात जायचं तर कुणाला सांगायचं, मला गाडीने सोडता का म्हणून? गाडीवाला नवऱ्याचा हॉकीतला जोडीदार असतो, नाहीतर मावसभाऊ. बसला तिची गोष्ट सांगावी लागत नसे. नोव्हेंबर २०१७ मध्ये बेपत्ता आणि हत्या झालेल्या आदिवासी स्त्रियांविषयीच्या राष्ट्रीय चौकशीची सुनावणी सास्काटूनमध्ये झाली, तेव्हा बस बंद झाल्याचा विषय तिथे निघाला. पश्चिमेकडच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एका महामार्गाचं नावच ‘अश्रूंचा महामार्ग’ पडलं आहे, कारण वाहन नसल्याने हात दाखवून अनोळखी गाड्यांत बसलेल्या कित्येक मुली तिथून परतल्या नाहीत. त्या चौकशीच्या जून २०१९ च्या अहवालातली ४.८ क्रमांकाची मागणी अशी आहे की दुर्गम आणि ग्रामीण भागातल्या आदिवासी स्त्रियांसाठी सुरक्षित, परवडणाऱ्या वाहतुकीची तजवीज व्हावी.

पुढे काय झालं

रिजायना-सास्काटूनसारख्या मोठ्या मार्गांवर रायडर एक्सप्रेस आणि इतर काही खासगी गाड्या आल्या. बाजार जिथे येणार हे १९४६ मध्येच माहीत होतं, तिथेच आला. आडबाजूच्या गावांना कुणी विचारलं नाही. ऑक्टोबर २०१८ अखेर ग्रेहाउंड या खासगी बस कंपनीनेही पश्चिम कॅनडातल्या जवळपास सगळ्या फेऱ्या थांबवल्या. रिजायनाला जानेवारी १९९० पासून प्रवासी रेल्वे नाही, ती सास्काटूनच्या मार्गाने जाते आणि आठवड्यातून मोजक्याच वेळा. प्रांताच्या राजधानीत गाडी नसलेल्या माणसाला पोचायचे रस्ते असे एकेक करून बंद झाले.

ब्रिटिश कोलंबियाने दुसरी वाट धरली. ग्रेहाउंडने उत्तरेतल्या फेऱ्या सोडताच २०१८ मध्ये त्या प्रांताने तिथे सरकारी पैशाने बससेवा सुरू केली. तोटा तिथेही आहे. तो सोसण्यासारखा आहे असं त्यांनी ठरवलं.

सास्काचेवानमध्येही मधला मार्ग होता असं मला ठामपणे वाटतं. पन्नास आसनांच्या जागी पंधरा आसनांची गाडी, रोजच्या जागी आठवड्यातून दोन फेऱ्या, रुग्णालयाच्या वेळांशी जुळवलेलं वेळापत्रक, पार्सलांचा आणि आरोग्य खात्याच्या वाहतुकीचा हिशोब एकत्र धरणं. यातलं काही चाललं असतं, काही फसलं असतं. पण दहा आठवड्यांत यातलं काहीच तपासता येत नाही. गावांना आधी बोलावलं नाही, बसमध्ये कोण बसतं ते कुणी मोजलं नाही. मला निर्णयापेक्षाही ही घाई जास्त खुपते.

राजकीय किंमत थोडीफार मोजली गेली, पण शहरांत. अर्थसंकल्पानंतर सरकारची लोकप्रियता घसरली, मुख्यमंत्री ब्रॅड वॉल यांनी ऑगस्ट २०१७ मध्ये निवृत्तीची घोषणा केली, ४० क्रमांकाच्या विधेयकाने आणलेली ‘खासगीकरणा’ची नवी व्याख्याही पुढे मागे घेतली गेली. शेलब्रुकचे स्कॉट मो मुख्यमंत्री झाले आणि प्रांताचं सारं राजकारण केंद्राच्या कार्बन कराविरुद्धच्या लढाईने व्यापलं. ग्रामीण मतदाराला त्या लढाईत आपलं डिझेल, आपला ट्रॅक्टर, आपला ट्रक दिसत होता. ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं, त्यांची बस त्या गलक्यात कुणाला ऐकू गेली नाही. आणि गेली असती तरी त्यांनी मत द्यायचं कुणाला? समोरचा पक्ष गावांना आजही बावन्न दवाखान्यांसाठीच आठवतो.

२८ ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत सास्काचेवान पार्टी ३४, एनडीपी २७ असा निकाल लागला. एनडीपीला रिजायनातल्या सर्व १२, सास्काटूनच्या १४ पैकी १३ आणि सुदूर उत्तरेतल्या दोन जागा मिळाल्या. दक्षिणेतल्या शेतीपट्ट्यात एकही नाही. नकाशावर पाहिलं तर दोन शहरांचे ठिपके, वर जंगलातले दोन मोठे तुकडे आणि मधला सगळा पसारा एकाच रंगाचा. त्या रंगाकडे बघून ‘खेडी अशी विचार करतात’ असं म्हणण्याचा मोह होतो. पण त्याच रंगाखाली ट्रकवाला शेतकरी आहे आणि त्याच्या शेजारच्या घरात परवाना गेलेली विधवाही आहे. मतमोजणीत दोघं एकाच गावचे.

रिजायनातलं बसस्थानक २००८ मध्ये नवं बांधलं होतं. बस बंद झाल्यावर ती इमारत शहराच्या पोलीस दलाकडे गेली.